डँडेनाँगला राहिलेला डबा

आधीच सांगून टाकते. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. अमावास्या आहे म्हणून मी काम पुढे ढकलत नाही आणि मांजर आडवं गेलं तर मी स्कूटर थांबवत नाही. या सदरातले गूढ अनुभव मी वाचते ते नाकातल्या नाकात हसत. त्यामुळे हे लिहायला बसताना मला स्वतःचाच राग येतोय... पण घरात दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि ज्यांनी लिहायला हवं ते समोर सोफ्यावर पेपर वाचतायत.

म्हणजे आमचे हे.

आम्ही बडोद्याला समा भागात एका सोसायटीत तळमजल्यावर राहतो. माझं माहेरही इथल्याच नागरवाड्यातलं. मुलगा निखिल मेलबर्नला नोकरी करतो, एकटाच असतो. गेल्या वर्षी एप्रिल ते जून आम्ही त्याच्याकडे होतो. आता तीन महिने म्हटल्यावर माणसाला वाटतं, जरा मुलाजवळ बसू, गप्पा मारू. छे! दर शनिवारी सकाळी सहाला गाडीत. कारण ह्यांनी बडोद्याहून निघतानाच यादी केलेली. मेलबर्नपासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं, अंतरासकट, सेलोटेपने पासपोर्टच्या पाकिटाला चिकटवलेली. समुद्राकाठचा तो प्रसिद्ध रस्ता झाला. पेंग्विन झाले. ते पिटुकले पेंग्विन संध्याकाळी समुद्रातून बाहेर येतात, ते बघायला मी दोन स्वेटर आणि निखिलचं जाकीट घालून सिमेंटच्या पायरीवर दीड तास बसले होते. बॅलराटला सोन्याच्या खाणीत उतरवलं मला. माझे गुडघे काय म्हणतात हे एकानेही विचारलं नाही.

आणि प्रत्येक सहलीला डबा मी भरायचा. तिथे बाहेरचं खाणं ह्यांना चालत नाही... पण सहली मात्र हव्यात.

त्या डब्याबद्दल सांगते. माझ्या आईने लग्नात दिलेला स्टीलचा डबा, झाकणावर माझं नाव कोरलेलं. एका बाजूला पोचा, कारण पंचवीस वर्षांपूर्वी रावपुऱ्यात ह्यांनी स्कूटरचा ब्रेक उशिरा दाबला आणि डबा रस्त्यावर लोळत गेला. त्या डब्याला मी कुठेही ओळखेन. शेजारच्या हंसाबेनकडे आणि आमच्यात हाच डबा वर्षानुवर्षं फिरतो. त्यांच्याकडून ढोकळा येतो, माझ्याकडून काहीतरी जातं. आईने शिकवलेली रीत अशी की कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामा नाही. दोन वर्षांपूर्वी ह्यांना डायबेटिस निघाला, तेव्हाच मी घरातून साखर हद्दपार केली. आता मी गुळाचा खडा घालते.

मेलबर्नला मी हा धरून तीन डबे नेले होते. तीन. हा आकडा लक्षात ठेवा.

मे महिन्यात डँडेनाँगच्या डोंगरात गेलो. शहरापासून तासाभराचा रस्ता, उंच उंच झाडं, नेच्यांची गर्दी, ओला गारठा. निखिलसाठी बेसनाचे लाडू केले होते, त्यातले मोजून दहा पोच्याच्या डब्यात घेतले. वाटेत एका चहाच्या दुकानात थांबलो. निखिल बाहेर ऑफिसच्या फोनवर होता. डब्यात लाडू खडखडत होते म्हणून मी टेबलावरचा कागदी रुमाल त्यांच्यावर दाबून बसवला. रुमालावर हिरवा नेचा छापलेला. एवढं मला स्वच्छ आठवतं, कारण हे तेव्हा म्हणाले, "अगं, लोकांचे रुमाल कशाला उचलतेस?"

वर जिथून सगळं मेलबर्न दिसतं तिथे मी आणि निखिल बाग बघायला गेलो. हे म्हणाले, माझे पाय दुखतायत, मी पिशवी सांभाळत बाकावर बसतो. आम्ही वीस मिनिटांत परत आलो आणि घरी निघालो.

संध्याकाळी सातला घरी पिशवी उघडली तर थर्मास होता, चटणीची बाटली होती, डबा नव्हता.

"अहो, डबा कुठाय?"

"कुठला डबा?"

"लाडवांचा. पोचा पडलेला."

हे टीव्हीकडे बघत म्हणाले, "तो तू आणलाच कुठे होतास? बडोद्यालाच राहिला. दोनच डबे आणलेत आपण."

मला आधी हसूच आलं. मग निखिलच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू गेलं. आम्ही आलो त्या दिवसापासून तो माझ्यावर नजर ठेवून होता, हे मला कळत होतं. पहिल्या आठवड्यात मी एकदा शेगडी चालू ठेवली होती. एकदा त्याच्या बिल्डिंगचा कोड विसरले. त्याच्या मित्राच्या आईला विसरण्याचा आजार झालाय, तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच. समाचं घर विकून दोघांनी म्हाताऱ्यांच्या देखभालीची सोय असलेल्या ठिकाणी राहावं, असं त्याने दोनदा बोलूनही दाखवलं होतं. माझं घर, ज्याच्या दारातली तुळस आणि मागचा लिंबू मी लावलाय.

"आई, स्टीलचे डबे सगळे सारखेच दिसतात," तो फार गोड आवाजात म्हणाला. त्या गोडव्यानेच माझं डोकं फिरलं.

"मग लाव फोन हंसाबेनला. किल्ली त्यांच्याकडे आहे. बघू दे घरात आहे का."

बडोद्यात दुपारचे अडीच. हंसाबेन झोपमोड झालेल्या चेहऱ्याने आमचं कुलूप उघडून स्वयंपाकघरात गेल्या. निघताना ओटा मी स्वतः रिकामा करून पुसला होता. फोनचा कॅमेरा वळला... आणि ओट्यावर, शेगडीच्या शेजारी, डबा.

"लो, आ रह्यो तमारो डब्बो," हंसाबेन म्हणाल्या. "पोचा पण आहे बघा, शैलाबेन."

पोचा होता. झाकणावर माझं नाव होतं. निखिलने हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ह्यांच्याकडे पाहिलं, वाटलं जिंकल्यासारखे हसत असतील. पण ते पांढरेफटक पडले होते. उठून आत गेले. बायकोची ही अवस्था बघून धक्का बसला असेल, असं मी समजले. काय मूर्ख होते मी.

त्यानंतरचे दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो, आणि तो भुताचा नाही. मी माझ्यावरच विश्वास ठेवेनाशी झाले. शेगडी बंद केली का ते चारचारदा बघायचे. सतराचा पाढा मनातल्या मनात म्हणायचे. सहली चालूच होत्या, आणि गाडीत बसल्यावर निखिल विचारायचा, "आई, चष्मा घेतलास ना? औषधं?" लहान मुलीला विचारावं तसं. ह्यांनी मात्र गोड खाणं एकदम सोडलं. लाडवाचं नाव काढलं तरी उठून जायचे.

बडोद्याला परतलो. तो डबा ओट्यावर तसाच होता. हंसाबेन म्हणाल्या, त्यांनी हातही लावला नाही. मला तो डोळ्यांसमोर नको होता. न उघडताच स्टुलावर चढून माळ्यावर टाकला. निखिलने तिकडून डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. गणिताच्या बाईला! मी दोनपर्यंत जाऊन पुढे उणे पाच म्हटलं. डॉक्टर हसले, म्हणाले सध्या काही दिसत नाही, सहा महिन्यांनी परत या. निखिलने यातलं फक्त 'सहा महिन्यांनी' ऐकलं. निखिलने लावलेला एजंट घर बघायला माणसं आणू लागला. हे त्यांना पाण्याची टाकी दाखवायचे आणि माझी नजर टाळायचे.

दिवाळीआधी एक जोडपं येणार होतं म्हणून माळा रिकामा करायला घेतला. डबा हाताला लागला. हलवला, तर आत काहीतरी सरकलं. झाकण घट्ट बसलं होतं, ओढून काढलं.

आत एक पुडी होती. हिरवा नेचा छापलेल्या कागदी रुमालाची, नीट घडी घातलेली. पुडीत साखर. चमचाभर, पांढरीशुभ्र.

मी स्टुलावरून उतरले आणि खालीच बसले. खरं सांगते, मला भीती नाही वाटली. मला रडू आलं. मी वेडी नव्हते.

डबा घेऊन ह्यांच्यासमोर गेले, पेपरावरच ठेवला. "हा रुमाल ओळखता?"

चष्मा वर सरकवून त्यांनी रुमाल निरखला. मग म्हणाले, "डबा मीच तिथे डोंगरावर ठेवला होता."

बाकावर बसून ह्यांनी माझ्या पाठीमागे लाडू खाल्ले होते. तीन. आम्ही येताना दिसलो तेव्हा घाईघाईने डबा बाकामागच्या दगडी भिंतीच्या आडोशाला सरकवला. जाताना हळूच पिशवीत टाकू म्हणाले... आणि विसरले. विसरले ते! डबा बाहेर का काढला हे सांगितलं तर लाडवांचं उघडं पडेल आणि मी बोलेन म्हणून वर खोटं बोलले. आणि हंसाबेनच्या फोनमध्ये तो डबा दिसल्यावर ह्यांनी आत पळ काढला.

"पाच महिने," मी म्हटलं. "पाच महिने तुम्ही मला वेडी होऊ दिलंत."

"कसं सांगणार होतो? डबा डोंगरावर सोडलेला मी, आणि तो घरात. मलाच वाटलं माझं डोकं फिरलंय."

"मग तुमचं फिरलंय असं सांगायचं होतंत."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. माझ्यासमोर, स्पीकरवर, ते निखिलला म्हणाले, "आईचं बरोबर होतं. डबे तीनच होते. विसरलो मी." निखिल म्हणाला, "आई, सॉरी." आणि लगेच पुढे म्हणाला, "पण मग तो घरी कसा आला?"

एजंटला मी स्वतः फोन करून नको म्हटलं.

निखिलच्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नाही. हंसाबेनना मी तीनदा विचारलं, त्यांनी आपल्या नातवंडांची शपथ घेतली. साखर म्हणाल तर घरात दोन वर्षं दाणा नाही. कुरिअर, विमान, चोर, सगळं लावून पाहिलं, कुठलंच बसत नाही. डोंगरावर राहिलेला डबा त्याच दिवशी बडोद्याच्या ओट्यावर... मी समीकरण मांडायचं सोडून दिलंय.

एवढं मात्र कळतं, की ज्याने कुणी तो आणून ठेवला त्याला रिकामा डबा परत करायचा नसतो हे माहीत होतं. ह्यांच्याशी मी अजून धड बोलत नाही, पण त्याच्याबद्दल मला काडीचाही राग नाही. परवा मी पुन्हा बेसन भाजलं. त्या दिवशी डोंगरावर दहातून ह्यांनी खाल्ले तीन, राहिले सात, आणि परत आलेल्या डब्यात एकही नव्हता. निदान कुणाला तरी ते आवडले असावेत.