गेटवर उभी असलेली फरार

कंपनीने राजीनामा मागितला, मी दिला नाही. दुसऱ्याच दिवशी हिंजवडीतल्या ऑफिसच्या गेटवर माझं कार्ड चालेना. सिक्युरिटीवाला नजर चुकवत म्हणाला, आत सोडायची ऑर्डर नाही. तरी मी रोज विश्रांतवाडीहून जात होते आणि ऑफिस सुटेपर्यंत त्याच गेटसमोर सगळ्यांना दिसेल अशी उभी राहत होते. मग मेल आला: आपण न कळवता गैरहजर आहात, सबब आपल्याला 'ॲबस्कॉन्डिंग' ठरवण्यात येत आहे.

आयटीत हा शिक्का बसला की अनुभवाचा दाखला विसरायचा आणि पुढची नोकरीही. मी कॉलेजपासून पत्रकं लिहिणारी, घोषणा देणारी. पण तो मेल वाचून मी घाबरले आणि तो बाबांना दाखवला.

बाबा निवृत्त कारकून. त्यांनी कपाटातून जाड इंग्रजी कोश काढून तो शब्द शोधला. फरार होणे, कायद्यापासून लपणे. कोश मिटून त्यांनी विचारलं, "म्हणजे पोलीस येणार?"

नाही येणार, असं मी ठासून सांगितलं. खात्री मलाही नव्हती. मग गेटवर जाणं बंद झालं, खिडकीत उभं राहणं बंद झालं. बेल वाजली की मी आतल्या खोलीत.

तिथेच बसून मी कोशातलं पुढचं वाचलं. शब्द मूळ लॅटिन. तिथे त्याचा अर्थ एखादी वस्तू दूर, नजरेआड ठेवून देणे. माणसाने स्वतः पळून जाणं त्याला मागाहून चिकटलं. मी खवळले. मला नजरेआड कोणी ठेवलं? सुरुवात कार्ड बंद करणाऱ्यांनी केली, आणि उरलेलं काम आम्ही घरचेच इमानाने उरकत होतो.

एका दुपारी कंपनीचा माणूस आला. लॅपटॉप न्यायचा होता आणि मी या पत्त्यावर राहते का तेही बघायचं होतं. आयुष्यात कधी खोटं न बोललेले बाबा दारातच म्हणाले, "अहो, ती इथे राहत नाही."

"बरं. मग आढळल्या नाहीत, असं कळवतो."

एवढं कळवलं असतं की मेलमधलं खोटं कायमचं खरं झालं असतं. मी बाहेर आले.

"आढळले. कळवा तसं."

तो गोंधळला. मग फोटो लागेल म्हणाला, पुरावा म्हणून. तो फोटो कुठे कुठे फिरेल, कोण जाणे. तरी मी चौकट धरून उभी राहिले.

बाबांनी चष्मा पुसला आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "घ्या," ते म्हणाले, "आणि फोटोत घराचा नंबरही येऊ द्या."