बादशहासमोरची खुर्ची
बॉसच्या केबिनमधली बसायची मांडणी मीच आखली होती, हे आधीच सांगून टाकते. आमची इंटिरियरची कंपनी दुबईत, सिलिकॉन ओएसिसमध्ये. दोन हजार आठच्या सुरुवातीला कामांना नुसता ऊत आला होता. बॉसला केबिनमध्ये रोमन बादशहाचं जुनं छापचित्र हवं होतं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. डोक्यावर पानांचा मुकुट, हात पुढे केलेला, डोळे थंडगार. कोरणाऱ्यानं बादशहा खालून पाहून काढलेला, त्यामुळे पाय खांबाएवढे. "ताई, सगळ्या नुसत्या रेघा आहेत, सावलीसुद्धा," म्हणत आमचा कोल्हापूरचा ड्राफ्ट्समन चित्राला नाक लावून बघत बसला. तेवढ्यात मी अकलेचे तारे तोडले. चित्र बॉसच्या पाठीमागे उंच टांगायला लावलं आणि समोरच्याची खुर्ची तीन इंच बुटकी करून घेतली. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

मंदी आली आणि वर्षभरात कामं खलास. माझ्या नवऱ्याची नोकरी आधीच गेलेली. तो आणि मुलगी दोघं माझ्या व्हिसावर; माझीही गेली तर तिघांना दुबई सोडावी लागणार. बॉसनं मला बोलावून माझ्याबद्दल आणि ड्राफ्ट्समनबद्दल सांगितलं, "तुम दोनों में से एक ही रहेगा. किसको जाना है, तुम बताओ."

चार दिवस मला एका जागी बसवेना. पँट्रीत जायचे, चहा न घेताच परत यायचे. मुलीवर उगाच खेकसले, तर ती म्हणाली, "व्हॉट डिड आय डू?" ड्राफ्ट्समनच्या बायकोला सातवा महिना लागलाय, हे मला ठाऊक होतं. पाचव्या दिवशी मी त्याचं नाव दिलं.

वाटलं, आता बॉसच त्याला सांगेल, सुंठेवाचून खोकला जाईल. "तुम ही बता दो, मेरे केबिन में बैठ के," म्हणून बॉस साइटवर निघून गेला.

मी बॉसच्या खुर्चीत बसले आणि ड्राफ्ट्समनला आत बोलावलं. तिथून बादशहा दिसतच नाही, तो पाठीमागे असतो. दिसतो फक्त समोर मान वर करून बसलेला माणूस. मी सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "माझ्या हातात काहीच नव्हतं रे." खोटं बोलले. त्याला ते कळलं. मला स्वतःची किळस आली.

तो भांडला नाही. बुटक्या खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत एवढंच म्हणाला, "ताई, तीन इंच जरा जास्तच झालं बघा."