पूलसाठी न प्यायलेला गहवा

मंडळी, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय. खलिफा सिटीतल्या आमच्या व्हिलामागे छोटा स्विमिंग पूल बसतो, पण नियमापेक्षा शेजारच्या भिंतीला जवळ. पालिका म्हणते, सूट हवी तर शेजाऱ्यांची सही आणा.

आज शेजारच्या उम्म राशिदकडे गेले. त्यांनी गहवा, म्हणजे वेलचीची अरबी कॉफी, पुढे केली. मी सवयीने म्हणाले, "नको नको." आपण पहिल्यांदा नकोच म्हणतो ना.

त्यांनी कप खाली ठेवला आणि इथल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "हमारे इधर मेहमान को कुछ माँगना है, तो पहले गहवा नहीं पीता. बोलो, क्या चाहिए?"

मी कागद काढला. त्यांनी वाचून सही केली. "खलास, हो गया. अब पियो."

तीन कप प्यायले. उद्या पालिकेत जातेय. तिथे गहवा विचारला, तर शिक्का बसेपर्यंत मी नकोच म्हणणार.