उगवतीकडे पाय

सुनेने काल थंडीसाठी गोधड्या पेटीतून काढल्या आणि त्यांच्यात घातलेल्या सुक्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास घरभर पसरला. त्या वासाने मला पिंपळनेरला नेलं, स्वातंत्र्याच्या काही वर्षं आधीच्या एका हिवाळी सकाळी.

माझा धाकटा भाऊ दानियल तापाने गेला होता. आमची ख्रिस्ती घरं मोजकीच, म्हणून कबर वडिलांनीच खणली. तो गेल्यापासून ते कोणाशी बोलले नव्हते. पाळकांनी प्रार्थना केली तेव्हाही त्यांनी हात जोडले नाहीत. मग आई गोधडी घेऊन पुढे झाली.

"पाय उगवतीकडे करा," ती म्हणाली. "प्रभू तठूनच येवाव शे. पोऱ्या उठी तव्हय त्याले पहिले तोच दिसी."

"आन गोधडी कसाले?" वडिलांनी विचारलं.

"पहाटनी थंडी वाजी त्याले."

वडिलांनी दानियलला गोधडीत गुंडाळून निजवलं आणि तिचा काठ हनुवटीपर्यंत ओढला, रोज रात्री ओढायचे तसाच.

प्रभू परत येईल तेव्हा मेलेले उठतील, असं पाळक सांगत. मला वाटलं, तो उद्याच येणार. पुढे कितीतरी दिवस मी पहाटे उठून दारात उभी राहत असे. आईचा विश्वास तेव्हा मला सोपा वाटला. स्वतः आई झाल्यावर कळलं, लेकराला मातीत ठेवताना त्याच्या उठण्याची तयारी करायला केवढं बळ लागतं.

त्या दिवशी घरी परतताना वडील आईला म्हणाले, "मनी कबरनी जागा बी त्याना बाजूलेच ठेव. पोऱ्या उठी तव्हय हात धराले कोनी पाहिजे ना."