प्रिंटरचा दुभाष्या

आदिनाथ गेल्याची बातमी मला साहेबांच्या फोनवरून कळली. "आपला माणूस गेला," म्हणाले. आपला... महिना होत आला, तो शब्द अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

बेळगावच्या आमच्या फाउंड्रीत संगणक आला, तेव्हा गावाला तो शब्दही नवा होता. त्या खोलीत आम्ही दोघं इंजिनिअर, वर साहेब. मोठा प्रिंटर आला, पण संगणक त्याला ओळखेचना. तेव्हा आदिनाथनं ड्रायव्हर लिहिला, म्हणजे दोघांमधला दुभाष्या. मालाची चलनं भराभर छापून निघाली आणि साहेबांनी मालकांना सांगितलं, "मीच लिहिला." आदिनाथनं तोंड उघडलं, तर त्याला सांबऱ्याच्या गोदामात पाठवलं. राजीनामा देऊन तो निपाणीला घरी गेला.

पुढं संगणकाच्या यंत्रणेची नवी आवृत्ती बसवली. पूर्वी तिचा गाभा ड्रायव्हरला एकेक अक्षर द्यायचा. आता अख्खी ओळ हवाली करून 'छापून झालं' असा निरोप मागू लागला. जुन्या ड्रायव्हरला ही रीत ठाऊकच नव्हती. प्रिंटर मुका झाला, चलनाविना ट्रक फाटकात अडकले. मालक साहेबांना म्हणाले, "तुम्हीच लिवलाय न्हवं? बदला की."

साहेब मला घेऊन निपाणीला धावले. आदिनाथ एवढंच म्हणाला, "मालकास्नी खरं सांगणार असशीला तर येतो." साहेबांनी आईची शपथ घेतली. मालक कोल्हापूरला गेले होते, तेवढ्यात आदिनाथनं येऊन ड्रायव्हर नव्या रीतीला बसवला. प्रिंटर खडखडला. मालक परतले तेव्हा साहेब पेढे वाटत होते, स्वतःच्या नावानं. शपथ कुठल्या कुठं गेली.

"जाऊ दे रं," आदिनाथ मला म्हणाला, "ट्रक सुटलं न्हवं?" त्याचं मन मोठं होतं. माझं नाही. साहेबांचं मी काही विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

शोकसभेत साहेबांनी डोळे टिपले. "मी ड्रायव्हर लिहायचो, हा शेजारी बसून शिकायचा..." मालक पुढच्याच खुर्चीत होते. मी उठलो.

"साहेब, नव्या गाभ्यासाठी तुम्ही त्यात नेमकं काय बदललंत, तेवढं सांगा."

मालक म्हणाले, "व्हय, सांगा की. मलाबी कळू दे."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. मालक वाट बघत होते. मला तर कसलीच घाई नव्हती.