बगिच्याच्या भिंतीवरचा पाठमोरा माणूस

सकाळी फिरायला गेलो की आमच्या पांढुर्ण्याच्या बगिच्यात तो पेंटर दिसायचा. कानावर ब्रश खोचलेला, बोलतानाही नजर भिंतीवर. बगिच्यात दुकानं काढायचं ठरलं, तेव्हा मोहल्ल्यातल्या बाया कडुनिंबाखाली धरण्यावर बसल्या आणि बगिचा वाचला. तेच चित्र तो काढत होता. त्या दिवशी कोणतं लुगडं होतं, हे तो एकेकीला घरी जाऊन विचारायचा. मला ते फाजील वाटायचं.

शेवटी कोपऱ्यात त्यानं 'इथे दुकानं होणार' असा बोर्ड रंगवणारा पाठमोरा माणूस काढला. त्याच्याही कानावर ब्रश.

"याले कायले काढून राहिले?" मी विचारलं.

"तो बोर्ड म्याच रंगवला होता, भाऊ," तो म्हणाला. "उन्हात होतो, तं चहा ह्याच बायांनी पाजला."