कोठीतल्या कुऱ्हाडी

माझे सासरे कुऱ्हाडीचं पातं नाकाशी धरून झाड सांगत. वाटेत भेटलेल्या माणसाला थांबवायचं, त्याच्या खांद्यावरची कुऱ्हाड काढून घ्यायची, पात्यावरून अंगठा फिरवायचा आणि डोळे मिटून हुंगायचं. "साग. आज सकाळचा." समोरचा नाही-नाही करू लागला की ते पुन्हा एकदा हुंगत आणि शांतपणे म्हणत, "झाडाले तोंड नाई बाप्पा, म्हणून मी बोलून राह्यलो." मग कुऱ्हाड सोबतच्या गार्डाच्या हातात जाई आणि माणूस रिकाम्या खांद्याने घरी. लग्नानंतर पंधरा दिवसांच्या आत मी हे तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळेला मी मान फिरवली. ते त्यांनी पाहिलं, आणि तिथून आमचं जे बिनसलं ते कायमचंच.

ते जंगलखात्यात रेंजर होते. मूळ वर्ध्याकडचे. आलापल्लीच्या अलीकडे एका गावात त्यांचा सरकारी क्वार्टर होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून त्या माणसांची नातवंडं राहतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा नागपूरला मास्तरकीचं शिकत होता. "बाबांच्या जेवणाचे हाल होतात," असं म्हणून मला तिकडे पाठवलं, आणि जंगलातली तीन वर्षं मी त्या माणसाबरोबर काढली. मी त्यांना मामाजी म्हणत असे. तोंडाने.

माझं माहेर आरमोरीचं, धान पिकवणारं. आमच्या घरी दाराच्या मागे कुऱ्हाड उभी असे. बाबा शेतावर जाताना पायात वहाण घालावी तशी ती खांद्यावर घालत. सरपण, कुंपण, नांगराचा दांडा, सगळं तिच्यावर. आणि वाटेत जनावर आडवं आलं तर जीवही तिच्यावर. मामाजींना हे कळत नव्हतं असं नाही. ते म्हणत, "जंगल कोनाच्या बापाचं नाई. तुह्या बापाचंही नाई." भाजीत मीठ जास्त झालं तरी माझा बाप निघायचा.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. तो माणूस लाच खात नव्हता. एका ठेकेदाराने एकदा सागाचा कोरीव पलंग पाठवला. मामाजींनी तो अंगणातही टेकू दिला नाही. ज्या चौघांनी आणला त्यांनाच तो भर पावसात परत न्यायला लावला आणि स्वतः छत्री घेऊन मागून चालत गेले, वाटेत कुठे ठेवून देतील म्हणून. त्या चार माणसांचे खांदे सोलून निघाले, ह्याची त्यांना खंत नव्हती. त्यांचा प्रामाणिकपणा असा होता. त्याचं ओझं नेहमी दुसऱ्याच्याच खांद्यावर.

छप्पन साली चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. क्वार्टर आठ दिवसांत रिकामा करायचा होता. वर्ध्याच्या घरात दोन खोल्या. मामाजींनी हुकूम सोडला, "बाजाराच्या दिवशी अंगनात मांड सारं. जे इकते ते इकून टाकू."

तीस वर्षांचं सामान मी एकटीने काढलं. बाजा, सागाचं कपाट, वाकडी झालेली आरामखुर्ची, पेट्रोमॅक्स, सांबराची शिंगं, कसर लागलेले कोट, तळ गेलेले हंडे. काहीही फेकायचं म्हटलं की ते मागे उभेच. काड्या मोडलेली छत्री मी कचऱ्यात टाकली, ती त्यांनी उचलून माझ्यासमोर धरली. "याले काय झालं?"

"उघडत नाही, मामाजी."

"तुले उघडता येत नाई. तुमच्या आरमोरीत छत्र्या कुठी पाह्यल्या तुमी."

मी ती छत्री घेतली, अंगणात गेले आणि त्यांच्यादेखत मधोमध विक्रीला मांडली. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही. भूक नव्हती म्हणून नव्हे. आधी पानावर कोण बसतं ते दोघं पाहत होतो.

राहिली मागची कोठी. तिला कुलूप असे आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला. आत काय आहे हे मी तीन वर्षांत विचारलं नव्हतं. आता विचारलं तर म्हणाले, "भंगार आहे. लोहार येऊन घेऊन जाईन. तू हात नको लावू." दुसऱ्या दिवशी सकाळी ते डेपोवर चार्ज द्यायला गेले आणि किल्ली गार्डाबरोबर पाठवली. गार्डाने ती माझ्या हातात दिली, कारण लोहार अजून आला नव्हता.

किसनभाऊ लोहार आला तेव्हा दार मीच उघडलं. आत कुऱ्हाडी होत्या. साठ-सत्तर तरी असतील. भिंतीला टेकवून ओळीने उभ्या, काहींचे दांडे वाळवीने खाल्लेले. प्रत्येक दांड्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठीवर मामाजींचं मोत्यासारखं अक्षर: माणसाचं नाव, गाव, आणि झाड. साग. बीजा. साग. ऐन.

किसनभाऊने एक उचलली, उलटी केली, पात्याच्या मानेवरची खूण पाहिली.

"ही माह्या बापाच्या हातची आहे, बाई," तो म्हणाला. मग दुसरी उचलली. "ही माही." त्याने ती परत जागेवर ठेवली. "साहेब म्हनत होते, जप्तीचा माल सरकारजमा होते. मंग मले हे भट्टीत टाकाले काऊन बलावलं?"

"न्या म्हणालेत."

"मी नाई नेत," तो म्हणाला आणि पोतं तिथेच टाकून निघून गेला. दुपारपर्यंत गावाला कळलं, संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या पाड्यांना.

मामाजी आल्यावर मी त्यांना वाढलं आणि समोरच उभी राहिले. "त्या कुऱ्हाडी सरकारजमा का नाही केल्या?"

ते दचकले नाहीत. "जमा करायची म्हंजे केस करावी लागते. केस केली की मानूस चांद्याच्या कोर्टात हेलपाटे घालून मरते. मी मानूस सोडला, कुऱ्हाड ठेवून घेतली. उपकार केले म्या त्याहिच्यावर."

"आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी जंगलात काय घेऊन जाईल?"

"जाऊच नोये."

"खाईल काय?"

"भाकर दे," ते म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की आपण दया केली. हेच मला सहन झालं नाही. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

बाजाराच्या दिवशी मी अंगणात सामान मांडलं. आरामखुर्चीवर मामाजी बसले, ती विकायची होती तरीही. माणसं येऊ लागली. इतकी आली की कुंपणाबाहेर जागा उरली नाही, पण फाटकाच्या आत कोणी पाऊल टाकेना. मामाजी म्हणाले, "या ना. पाहा. सागाचं कपाट आहे, सरकारी पासाचं." कोणी हललं नाही. एवढ्या माणसांचं गप्प राहणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

मग एक बाई आत आली. पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात काही नाही. मैनाबाई तिचं नाव, पलीकडच्या पाड्यावरची. तिने सामानाकडे पाहिलं नाही. खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"माह्या घरच्याची कुऱ्हाड द्या, साहेब."

मामाजींनी नाव विचारलं. तिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही, पाड्याचं घेतलं. त्यांना लगेच आठवलं. त्यांची आठवण तशीच होती. "त्यानं साग तोडला होता. कवळा साग."

"तोडला. घराच्या आढ्याले पाह्यजे होता."

"मग? कायद्यानं गुन्हा आहे."

"गुन्हाच आहे," मैनाबाई म्हणाली. "कुऱ्हाड तुमी नेली. मोहाची फुलं येचाचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन मोहावर गेला. अस्वल होती झाडाखाली. काठी मोडली."

ती थांबली. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त त्यांच्याकडे पाहत राहिली.

मामाजी म्हणाले, "ते मले मालूम नाई."

"गावाले मालूम आहे," कुंपणाबाहेरून किसनभाऊ म्हणाला.

मी आत गेले, माझ्याकडेच राहिलेल्या किल्लीने कोठी उघडली आणि हाताला येतील तेवढ्या कुऱ्हाडी कवटाळून बाहेर आणल्या. अंगणात टाकल्या. पुन्हा आत गेले. मामाजी खुर्चीतून उठले. "सुमन, आत जा."

मी पहिली चिठ्ठी हातात घेतली.

"आज हे वाचलं ना, तर माह्या घरात तुले जागा नाई. सांगून ठेवतो."

नवरा नागपुरात, माहेर दोन दिवसांच्या वाटेवर, आणि हा माणूस बोलला ते करणारा. मी चिठ्ठी वाचली. नाव, गाव. झाड नाही वाचलं. कुंपणापाशी गर्दी हलली आणि एक म्हातारा फाटकातून आत आला. त्याने कुऱ्हाड घेतली, दांडा दाबून पाहिला आणि निघून गेला. मी दुसरी वाचली. कुणी स्वतः आलं, कुणाचा मुलगा आला, एका नावाला कोणीच पुढे आलं नाही तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "मेला तो. त्याच्या भावाले द्या." मैनाबाईची कुऱ्हाड बरीच खाली होती. ती हाती येईपर्यंत बाई जागची हलली नाही. मिळाल्यावर तिने ती पुरुषासारखी खांद्यावर टाकली आणि गर्दीने तिला वाट करून दिली.

मामाजी शेवटपर्यंत उभे होते. सामानातलं एक भांडंही विकलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारीच्या थांब्यापर्यंत सामान न्यायला गावात एकही बैलगाडी मिळाली नाही. कोणी नाही म्हणालं नाही. एकाचा बैल लंगडत होता, दुसऱ्याचं चाक मोडलं होतं. शेवटी एक ट्रंक मामाजींनी उचलली, एक वळकटी मी, आणि आम्ही उन्हातून चालत निघालो, मध्ये वीस पावलांचं अंतर ठेवून. वाटेतल्या माणसांनी बाजूला होऊन रस्ता दिला. रामराम कोणी घातला नाही. कपाट, बाजा, शिंगं, सगळं अंगणातच राहिलं.

वर्ध्याला पोहोचताच त्यांनी नागपूरहून आलेल्या मुलाला सांगितलं, "तिले माहेरी पाठव." माझा नवरा फार धीट नव्हता. दोन दिवस तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "नाही पाठवत." आयुष्यात त्याने वडिलांना एकदाच नाही म्हटलं, आणि त्यावर मी आमचा सगळा संसार केला.

पुढची सात वर्षं मामाजी माझ्याशी बोलले नाहीत. चहा हवा असला की भिंतीला विचारत, "या घरात चहा मिळते का?" मी भिंतीपाशी कप ठेवत असे. मीही कमी नव्हते. मुलं झाली, त्यांना ते मांडीवर घेत, पण मी खोलीत शिरले की खाली ठेवत.

शेवटच्या आजारात त्यांचं सगळं मीच केलं. प्रेमाने नाही, दुसरं कोणी नव्हतं म्हणून. एका सकाळी मी पाठीला तेल लावत होते आणि त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. मला वाटलं नेहमीप्रमाणे भिंतीशीच बोलताहेत.

"कायदा माह्या बाजूनं होता," ते म्हणाले.

"होता," मी म्हणाले.

मी तेल चोळत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि सात वर्षांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मंग ते बाई माह्याकडे तशी काऊन पाहून राह्यली होती?"

मला उत्तर माहीत होतं. पण ते मी देण्याचं नव्हतं. "तिलाच विचारायला पाहिजे होतं, मामाजी," मी म्हणाले आणि त्यांची पाठ पुसून काढली. त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. चार दिवसांनी ते गेले, आणि त्या चार दिवसांत त्यांनी चहासुद्धा मागितला नाही.